आधी ईमेल, मग बाकीचं: संगणक आणि ऑनलाइन खाती सांभाळण्याचा क्रम

संगणकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अँटिव्हायरस कोणता घ्यावा? विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू ठेवा आणि पुढच्या कामाला लागा, एवढं उत्तर बहुतेकांना पुरतं. वेळ द्यायचा तो ईमेलला. खरेदी, फोटो, नोकरीचे अर्ज, जवळजवळ कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ यावर टिचकी मारली की नवा पासवर्ड ठरवायची लिंक ईमेलमध्ये येते. तुमचा ईमेल ज्याच्या हाती लागला, त्याला बाकीच्या खात्यांचे पासवर्ड फोडत बसावं लागत नाही, तो नवेच ठरवून घेतो. म्हणून खालची कामं दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन टप्प्यांना मिळून दोनेक तास लागतील, आणि त्यातला निम्मा वेळ जुने पासवर्ड आठवण्यात जाईल.

पहिला टप्पा: ईमेलचं खातं

सुरुवात पासवर्डपासून. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या एकूण जुळण्या होतात सुमारे २० हजार ८८२ कोटी. आकडा दणदणीत वाटतो. पण एखाद्या साइटवरून चोरलेली पासवर्डची फाइल हातात असेल, आणि त्या साइटने पासवर्ड जुनाट पद्धतीने साठवले असतील, तर सेकंदाला शंभर कोटी जुळण्या तपासणं एका ग्राफिक्स कार्डाला सहज जमतं. म्हणजे सगळ्या जुळण्या साडेतीन मिनिटांत संपल्या. आता ७७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून पाच शब्द निवडा. (७७७६च का? पाच फासे एकदम टाकले तर तेवढेच वेगवेगळे निकाल येऊ शकतात.) अशा पाच शब्दांच्या जुळण्या होतात २८वर १८ शून्यं. त्याच वेगाने त्या संपवायला सुमारे ९०० वर्षं लागतील.

यात फासे टाळून चालत नाही. मनात येईल ते शब्द घ्यायला गेलं की मुलांची नावं येतात, गाण्याची ओळ येते, श्लोकाचा चरण येतो. रोमन लिपीत लिहिलेली मराठी म्हण कुणाच्या लक्षात येणार नाही, असं वाटतं. पण म्हणी, गाणी, नावं हे सगळं पासवर्ड फोडणाऱ्यांच्या याद्यांमध्ये भरता येतं. ‘ए’च्या जागी @ आणि ‘ओ’च्या जागी शून्य घालण्याची युक्तीही त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. फासे नसतील तर जाडजूड शब्दकोश कुठेही उघडा, डोळे मिटून बोट ठेवा आणि पडेल तो शब्द घ्या. आवडला नाही म्हणून बदलू नका. बदललात की पुन्हा तुमची आवड आत शिरते.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा जुना नियम मात्र सोडून द्या. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतच ही सक्ती नको म्हणून सांगितलं. सक्ती केली की लोक शेवटचा १ काढून २ करतात. पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर मात्र त्याच दिवशी बदला.

दुसरं काम टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण. ती एसएमएसने मिळत असेल तर काहीच नसण्यापेक्षा बरं, पण तुमच्या नावाने नवं सिमकार्ड काढून घेणाऱ्या भामट्यापुढे ती टिकत नाही. त्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲप घ्या. ते पहिल्यांदा जोडताना जो क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात एक गुप्त संख्या असते. ती संख्या आणि घड्याळातली वेळ यांवरून ॲप दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी कोड काढतं. यासाठी नेटवर्क लागत नाही, पण फोनचं घड्याळ बरोबर लागतं. कोड वारंवार चुकीचा ठरत असेल तर आधी फोनची वेळ ‘आपोआप’वर आहे ना, ते पाहा. ‘पासकी’चा, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या कुलपाने (बोटाचा ठसा, चेहरा, पिन) खातं उघडण्याचा पर्याय दिसला तर तो याहून चांगला, कारण पासकी खोट्या साइटवर चालतच नाही.

इथेच सगळ्यात मोठी गडबड होते. टू-फॅक्टर चालू करून लोक खूश होतात आणि सहा महिन्यांनी फोन हरवला की स्वतःच्याच खात्याबाहेर अडकतात. चालू करताना पडद्यावर रिकव्हरी कोड, म्हणजे फोन नसतानाही आत शिरू देणारे कोड, दिसतात. गूगल दहा देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा आणि महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. त्याच ईमेलमध्ये ते जपून ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेणं.

ईमेलच्या सेटिंग्जमध्ये आणखी तीन जागा तपासायच्या: रिकव्हरीसाठी दिलेला फोन आणि दुसरा ईमेल अजून तुमचाच आहे का, कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे, आणि फॉरवर्डिंग व फिल्टर. ही तिसरी जागा फारसं कुणी उघडत नाही. आत शिरलेला माणूस तिथे शांतपणे एक नियम लावून ठेवतो, की बँकेकडून आलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात जावा. पासवर्ड बदलल्यावरही तो नियम तसाच राहतो.

दुसरा टप्पा: बाकीची खाती

एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यातला धोका असा, की एखाद्या फुटकळ साइटवरून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी यंत्रं आपोआप शेकडो मोठ्या साइटवर लावून पाहतात. तुमचा ईमेल अशा कुठल्या गळतीत आला आहे का, ते २०१३ पासून चालू असलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट पाहता येतं. तिथे फक्त ईमेलचा पत्ता टाकायचा.

प्रत्येक साइटसाठी वेगळा पासवर्ड डोक्यात राहणं अशक्य आहे, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाआड साठवणारा आणि त्या त्या साइटवर स्वतः भरून देणारा प्रोग्राम. बिटवॉर्डन, कीपासएक्ससी किंवा ब्राउझरमधला स्वतःचा, कुठलाही चालेल. न वापरण्यापेक्षा यातला कुठलाही बरा. त्याचा मुख्य पासवर्ड फाशांच्या पद्धतीने नवा काढा आणि तो व ईमेलचा असे दोन पासवर्ड कागदावर लिहून रिकव्हरी कोडजवळ ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला कार्यालयातल्या पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसाठी होता. घरातल्या कुलुपबंद कागदापर्यंत दूरदेशीचा चोर पोचत नाही.

सगळी खाती एका दिवसात हलवायच्या नादी लागू नका. बँक, मोबाइल कंपनीचं खातं, गूगल, ॲपल किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं आणि समाजमाध्यमं आज करा. उरलेल्या साइट जेव्हा उघडाल तेव्हा बदला. ‘जन्मगाव कोणतं’, ‘पहिली शाळा कोणती’ अशा सुरक्षा-प्रश्नांची खरी उत्तरं देऊ नका, ती शोधून काढता येतात. मॅनेजरमधून काहीतरी अगम्य उत्तर बनवा आणि तिथेच साठवा.

तिसरा टप्पा: पत्ता वाचायला शिका

समजा, मेलमधल्या लिंकवर हा पत्ता आहे:

माझीबँक.कॉम.खाते-तपासणी.नेट/लॉगिन

डावीकडून वाचणाऱ्याला आपली बँक दिसते. पण वेबचा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यानंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा. पुढे येणारी पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे सरका. पहिला तुकडा ‘नेट’, दुसरा ‘खाते-तपासणी’. संपलं, साइटचा मालक तोच. त्याच्या डावीकडे जे काही आहे ते त्या मालकाने हवं तसं लिहिलेलं असतं, तिथे तो तुमच्या बँकेचंच काय, कुणाचंही नाव घालू शकतो. काही देशांच्या पत्त्यांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, जसा ब्रिटनचा ‘को.यूके’, तिथे आणखी एक तुकडा डावीकडे जा. त्या पहिल्या एकेरी रेघेच्या आधी @ दिसलं तर त्याच्या डावीकडचं सगळं सोडून द्या, ब्राउझर पुढच्या भागाकडे जातो.

डोळ्यांना फसवणारा आणखी एक प्रकार आहे. रशियन लिपीतला ‘а’ आणि इंग्रजीतला दिसायला सारखे, संगणकाला मात्र वेगळे. इथे माणूस हरतो आणि पासवर्ड मॅनेजर जिंकतो, कारण तो अक्षरांचं रूप बघत नाही. नेहमीच्या साइटवर तो पासवर्ड भरायला पुढे आला नाही, तर हाताने चिकटवायची घाई करू नका; आधी पत्ता पुन्हा वाचा.

पत्त्याच्या शेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. तुमच्या आणि साइटच्या मधली वाट कुणाला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की भामटा, हे ते सांगत नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

फोनवर लिंक दाबून धरली की पत्ता दिसतो, संगणकावर लिंकवर माऊस नेला की खालच्या कोपऱ्यात उमटतो. क्यूआर कोड स्कॅन केल्यावरही उघडण्याआधी पत्ता येतो, तो वाचा. खरं तर पत्त्यांची ही कसरत टाळायचा सोपा मार्ग आहे: कुठल्याही संदेशाने तातडीचं काही करायला सांगितलं, तर त्या संदेशातली लिंक आणि त्यातला फोन नंबर दोन्ही सोडा. बँकेचं ॲप स्वतः उघडा किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. खरंच काही अडलं असेल तर तिथेही दिसेल. नातेवाइकाच्या आवाजात पैशांसाठी फोन आला तरी हेच. आवाजाची नक्कल आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरूनही करता येते. फोन ठेवा आणि नेहमीच्या नंबरवर आपण लावा. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवलात तर आणखी बरं.

अलीकडची एक युक्ती नीट समजून घ्या, कारण तिच्यात तांत्रिक तोडफोड अशी काहीच नाही. एखादी साइट ‘तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करा’ म्हणते. चौकोनावर टिचकी मारली की सूचना येते: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. टिचकी मारताच त्या पानाने गुपचूप एक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, ठेवलेली असते. पहिल्या जोडीने विंडोजची आज्ञा देण्याची चौकट उघडते, दुसरीने ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटरने चालते. साठवलेले पासवर्ड आणि ब्राउझरमधली उघडी लॉगिन चोरणारा प्रोग्राम तुम्ही स्वतःच्या हाताने बसवलेला असतो. मॅकवर हेच टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायचं ॲप, उघडायला सांगून करतात. रोबॉट ओळखायची कोणतीही खरी चाचणी ब्राउझरच्या बाहेर जायला सांगत नाही.

‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असं पूर्ण पडदाभर आलं, भोंगा वाजू लागला, माऊस चालेना, तरी ते फक्त एक वेबपान आहे. एस्केप काही सेकंद दाबून धरा. नाहीच हललं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का?’ याला नाही म्हणा. फोन केलात तर पलीकडचा माणूस दूरून संगणक चालवण्याचं ॲप बसवायला सांगेल. मागितल्याशिवाय आलेल्या मदतीला ही परवानगी कधीच देऊ नका.

चौथा टप्पा: यंत्र

अपडेट आपोआप होऊ द्या. १२ मे २०१७ रोजी फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा प्रोग्राम पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे संगणकही बंद पडले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने ते लोकांनी पुढे ढकललं. तुमचा संगणक अजून विंडोज १०वर असेल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. वाढीव अपडेट योजनेत नाव घाला किंवा नव्या आवृत्तीवर या.

विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते आणि उघडल्यावर प्रोग्राम चालतो. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूने हीच खोड वापरली होती. त्याची फाइल प्रेमपत्राच्या साध्या मजकुरासारखी दिसायची. विंडोज ११मध्ये फाइल एक्स्प्लोरर उघडा, वर व्ह्यू, मग शो, आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. दहा सेकंदांचं काम आहे.

रोजच्या वापराला प्रशासकाचे अधिकार नकोत. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये आधी नवं प्रशासक खातं बनवा, त्यात एकदा शिरून पाहा, आणि मगच आपलं नेहमीचं खातं ‘स्टँडर्ड’ करा. पुढे काही बसवताना पासवर्ड विचारला जाईल. तुम्ही काहीच बसवत नसताना तो विचारला गेला तर थांबायचं. लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट करणारं, म्हणजे कुलूपबंद करणारं, बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅक) चालू करा, म्हणजे चोरी झाली तरी आतलं वाचता येणार नाही. मात्र त्याची रिकव्हरी की त्याच लॅपटॉपमध्ये ठेवली तर ती गरजेच्या दिवशी कुलपाआड असेल.

ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, मोजा. ‘सर्व साइटवरचा डेटा वाचण्याची’ परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुमच्या बँकेचं पानही वाचू शकतं. न लागणारी काढून टाका. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर तर आणूच नका. कायद्याचा प्रश्न आहेच, पण पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरण्याची ती अगदी नेहमीची वाट आहे, आणि बसवताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना सोबत असते ती उगाच नसते.

राउटरला दोन पासवर्ड असतात, वायफायचा आणि त्याच्या सेटिंग्जचा. दुसरा बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने अशाच कारखानी पासवर्डांची छोटीशी यादी लावून कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना उघडेनात. सेटिंग्जचा पासवर्ड बदला, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद करा, आणि पाहुणे व स्मार्ट उपकरणं यांना गेस्ट नेटवर्कवर बसवा.

बॅकअप

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. हा नियम बऱ्याच जणांना पाठ असतो, चुका पुढे होतात. ड्राइव्ह कायम जोडलेली ठेवली तर खंडणीखोर प्रोग्राम मूळ फाइलींबरोबर तिलाही कुलूप घालतो. बॅकअप झाला की ती काढून ठेवा. क्लाउडवरचं सिंक हा बॅकअप धरू नका, इथे फोल्डर पुसलं की तिथेही पुसलं जातं. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत कधीच नको. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून कुठल्याही तीन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. ज्यातून फाइल परत काढून पाहिलेलीच नाही, तो बॅकअप आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं.

दुसऱ्यांची माहिती तुमच्या हातात असते तेव्हा

दोनशे जणांना मेल पाठवताना पत्ते ‘टू’मध्ये घातले की प्रत्येकाचा पत्ता बाकी सगळ्यांना कळतो, ते ‘बीसीसी’मध्ये घाला. पीडीएफमधल्या नावावर काळा चौकोन काढला तरी खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. खात्रीने झाकायचं तर मूळ फाइलमधून तो मजकूर काढून त्या जागी क्षक्षक्ष लिहा आणि पीडीएफ नव्याने बनवा. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये कापलेल्या चित्राचा कापलेला भाग फाइलमध्ये तसाच असतो.

फोनवर काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. विंडोजवर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या तळाशी ही माहिती काढून टाकायचा पर्याय आहे. लहान मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो टाकण्याआधी एवढं तरी करा, आणि दुसऱ्याच्या मुलाचा फोटो असेल तर विचारा. खळबळजनक फोटो पुढे ढकलण्याआधी उलट शोध घ्या: चित्र गूगल लेन्समध्ये टाकलं की पुष्कळदा तोच फोटो वर्षानुवर्षं जुन्या, दुसऱ्याच घटनेचा निघतो.

सामायिक संगणकावर खासगी विंडो वापरा आणि काम झालं की लॉगआउट करूनच विंडो बंद करा. डाउनलोड केलेल्या फाइली मात्र खासगी विंडो पुसत नाही, त्या हाताने काढाव्या लागतात. जुना संगणक देऊन टाकताना नुसतं रीसायकल बिन रिकामं करणं पुरत नाही. विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये सगळं काढण्याचा पर्याय निवडा आणि सेटिंग्ज बदलून ‘क्लीन डेटा’ चालू करा. डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट केलेली असली तर चिंता आणखी कमी.

घडलंच तर

घाबरून संगणकावर आणखी काही उघडत बसू नका. क्रम असा ठेवा.

१. वायफाय बंद करा, केबल काढा.

२. पैशांचा संबंध असेल तर लगेच बँकेला फोन. कार्ड आणि खातं गोठवायला सांगा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. इथे मिनिटं मोजली जातात, बाकी सगळं तासाभराने केलं तरी चालतं.

३. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड बदला. बिघडलेल्याच संगणकावर बदललात तर नवा पासवर्डही त्याच हातात जातो.

४. ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ दाबा. हे राहिलं तर चोरलेलं उघडं लॉगिन नव्या पासवर्डनंतरही काही ठिकाणी चालत राहतं.

५. फॉरवर्डिंग, फिल्टर, रिकव्हरी फोन आणि खात्याला जोडलेली परकी ॲप्स पुन्हा तपासा.

६. संदेश, पत्ते, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार द्या. राग आला म्हणून चॅट पुसू नका, तो पुरावा आहे.

७. संगणकावर अनोळखी प्रोग्राम चाललेला असेल तर विंडोज नव्याने बसवा आणि फाइली बॅकअपमधून आणा. स्कॅन करून ‘काही सापडलं नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

ओळखीच्या लोकांना लगेच कळवा, कारण तुमच्या नावाने त्यांना संदेश जाऊ लागलेले असतात. काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता धरा: ‘तुमचे गेलेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, फक्त आधी थोडं शुल्क भरा.’ फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा फोन त्याच यादीवरून आलेला असतो. तोही कट करा, आणि तो नंबर आधीच्या तक्रारीला जोडा.